दहाव्याचं रेकॉर्डिंग

१६ फेब्रुवारी, काष्टी. रक्कम तीन हजार पाचशे रुपये. देणारा मी, घेणारा शूटिंगवाला. हजर थोरला भाऊ आणि अक्का. आईच्या दहाव्याचं मोबाईलवर थेट प्रक्षेपण करायचं म्हणून हे पैसे दिले. आमच्याकडे आता दहावा असा दाखवण्याची पद्धतच पडली आहे. प्रवचन, श्रद्धांजलीची भाषणं, घाटावरचा विधी, सगळं लोक आपापल्या जागी बसून पाहतात.

माझी मुलगी नोकरीसाठी परराज्यात असते. तिला रजा मिळाली नाही आणि तेव्हा ती कामावर असणार होती. फोनवर म्हणाली, "बाबा, ते नंतर काढून टाकतात. तुम्ही चालू असतानाच फाईलमध्ये भरून ठेवा." कसं भरायचं तेही तिनेच सांगितलं. लॅपटॉपवर एक प्रोग्रॅम उतरवायचा, प्रक्षेपणाची लिंक त्यात टाकायची, फाईलला नाव द्यायचं आणि बटण दाबायचं. नागापूरच्या कारखान्यात मी हिशेबाचं काम करतो, त्यामुळे लॅपटॉप बरोबर होताच. आदल्या दिवशी एका देवळाचं थेट दर्शन दहा मिनिटं भरून पाहिलं. चित्र स्वच्छ आलं. बॅटरी तीन तास पुरते हेही पाहून ठेवलं.

आवाज मात्र मी बंद ठेवला होता. सुतकाच्या तेरा दिवसांत आमच्या घरात टीव्ही लागत नाही, कुणी मोबाईलवर गाणं वाजवत नाही. लॅपटॉपमधून आरती ऐकू आली असती तर बाहेर बसलेल्या बायका काय म्हणाल्या असत्या? म्हणून आवाज शून्यावर. या एका गोष्टीवर पुढचं सगळं फिरलं.

दहाव्याच्या सकाळी अक्काच्या खोलीत लॅपटॉप ठेवला, बटण दाबलं आणि घाटावर गेलो. अक्का माझ्याहून मोठी, दादाहून लहान. नवरा गेल्यावर माहेरी आली, ती अकरा वर्षं आईजवळ राहिली. शेवटची चार वर्षं आईचं सगळं अंथरुणावर होतं आणि ते अक्काने केलं. दादा त्याच गावात, पण मळ्यात राहतो. मी भिंगारला. दोघेही सणावारी यायचो. गावठाणातलं दोन खोल्यांचं घर आईच्या नावावर होतं. अक्काला त्याखेरीज डोक्यावर छप्पर नव्हतं.

घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. समोरच्या बाभळीवर पाच-सहा बसलेले, पण खाली एकही उतरेना. गुरुजींनी सगळ्यांना मागे सारलं. पिंडाजवळ दादा, मी आणि अक्का उरलो. मी म्हणालो, "आई, नातीला रजा नाही मिळाली, राग धरू नकोस." काही झालं नाही. अर्धा तास गेला. मागून कुणीतरी म्हणालं, "लेकीची काळजी आसंल म्हातारीला." दादाने टोपी सारखी केली, हात जोडले आणि मोठ्याने म्हणाला, "आये, घराची चिंता करू नगं. त्या दोन्ही खोल्या अक्काच्या. म्या तिच्या नावावर करून देतो." कावळा उतरला. अक्का तिथेच खाली बसून रडली.

संध्याकाळी फाईल तपासली. दोन तास चौदा मिनिटं. सुरुवात, शेवट आणि मधल्या आठ जागा उघडून पाहिल्या. दादाचे जोडलेले हात, हलणारे ओठ, उतरणारा कावळा, सगळं होतं. आवाज अर्थातच बंद. फाईलच्या दोन नकला केल्या आणि एक मुलीला पाठवली. तिने बाभळीपर्यंत पाहिली आणि रडू आलं म्हणून बंद केली, हे मला नंतर कळलं.

महिन्याभराने श्रीगोंद्याला हक्कसोडीचा कागद झाला. मी म्हणालो होतो, आपण दोघं भाऊ थेट अक्काच्या नावे हक्क सोडू, एकाच कागदात काम होईल. दादा म्हणाला, "थोरला मी हाय. घर आधी माझ्या नावावर येऊ दे. मग माझ्या हातानं तिला देतो. लोकात शोभंल." हा रस्ता लांबचा आणि खर्चाचा, हे मला कळत होतं. तरी भांडलो नाही. अक्का पेन हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मी तिला म्हणालो, "कर सही. दादाचा शब्द माझ्याकडे भरलेला आहे." तिने सही केली. तिच्याखाली मी केली.

मे महिन्यात दादाने अक्काला सांगितलं, खोल्या औषधांच्या दुकानाला भाड्याने द्यायच्या आहेत, तू मळ्यातल्या विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत राहा. तिचा फोन आला. मी लॅपटॉप घेऊन काष्टीला गेलो आणि अक्काला घेऊन दादाच्या मळ्यात. दादा ओट्यावर बसला होता, वहिनी दारात होत्या.

"म्या कवा म्हटलं?" दादा म्हणाला.

"घाटावर. आईसमोर."

"मनात म्हटलं आसंल. आईला म्हटलं आसंल. तुला न्हाई म्हटलं."

मी लॅपटॉप उघडला, ती जागा काढली आणि पहिल्यांदाच आवाज पूर्ण वाढवला. पडद्यावर दादाने टोपी सारखी केली, हात जोडले. आवाज आला तो घाटामागच्या मंडपात श्रद्धांजलीचं भाषण करणाऱ्या पुढाऱ्याचा. "मातोश्रींनी अत्यंत कष्टातून संसाराचा गाडा..." हा माणूस आईला कधीही भेटलेला नव्हता. दादाचे ओठ हलत होते आणि कुणीतरी सांगत होतं, "पांढरी गाडी ज्यांची असंल त्यांनी कृपया बाजूला घ्यावी." कावळा उतरला.

दादा हसला. "वहिनीला ऐकव की. माझा आवाज लई सुधारलाय."

"आन् गाडी बी घेतली जणू पांढरी," वहिनी म्हणाल्या.

अक्का म्हणाली, "बंद कर रे ते. म्या ऐकलं हुतं."

मी चुलत्यांकडे गेलो. ते म्हणाले, "मी लांब हुतो बाबा. कावळा यावा म्हनून समद्यांनाच मागं सारलं हुतं." गुरुजी म्हणाले, त्या दिवशी त्यांचे तीन घाट होते, कुठे कोण काय बोललं ते कसं सांगणार. माझी साक्ष दादाने आधीच निकालात काढली होती: "तू तर तिचाच."

शेवटी शूटिंगवाल्याकडे गेलो. त्याच्या दुकानात लग्नाच्या अल्बमांचे ढीग होते. त्याने सरळ सांगितलं. "काका, लाईव्हला आवाज मंडपातल्या माईकवरून घेतो. घाटावर वारा लई, कॅमेऱ्याच्या माईकचा आवाज लोकांना आवडत न्हाई."

"म्हणजे घाटावरचा आवाज कुठेच नाही?"

"हुता की. कॅमेऱ्यातल्या कार्डावर जागेवरचा आवाज असतोच. पंधरा दिवस ठेवतो, मग पुसतो. तुमी त्याच आठवड्यात आला असता तर फुकट दिला असता. आता त्या कार्डावर सात लग्नं झाली."

मी भिंगारला परत आलो. फाईल अजून माझ्याकडे आहे. तिच्यात एक क्षणही तुटलेला नाही. प्रक्षेपण दोनदा अडखळलं होतं, तेही तिने सांभाळून घेतलं. माझं काम मी नीट केलं असं मला तीन महिने वाटत होतं. कारखान्यात हिशेबातला रुपयाचा फरक सापडेपर्यंत मी जागचा उठत नाही, आणि आठ जागा उघडून पाहिल्या त्यातल्या एकीलाही कान लावला नाही. तेराव्यानंतर तरी लावायला हवा होता. तेव्हा कार्ड पुसलेलं नव्हतं.

दादाला खोटारडा म्हणणं सोपं आहे आणि तो आहेच. पण त्याने अक्काकडून सही मागितली तेव्हा ती थांबली होती. सही माझ्या शब्दावर झाली. हे मी बायकोला सांगितलं तेव्हा तिने माझी समजूत घातली नाही. भाकरी थापता थापता म्हणाली, "फाईल आहे म्हणून सही तुम्ही करायला लावलीत. आता भरा."

त्या खोल्या अक्कासाठी विकत घ्यायला मी काष्टीला गेलो. दादाने आधी अडीच लाख सांगितले. घरात पाऊल न ठेवता रस्त्यावर उभं राहून मी बोललो. तो म्हणाला, "भाऊ म्हणून कमी करतो." मी म्हणालो, "भाऊ म्हणून काही करू नकोस, भाव सांग." अक्का नको नको म्हणत होती, तिला ते माझ्यावर ओझं वाटत होतं. तिला मी सांगितलं, तुझ्यावर उपकार नाही, माझी चूक आहे.

ऑगस्टमध्ये दोन्ही खोल्यांचं खरेदीखत अक्काच्या नावे झालं. मी मुदत ठेव मोडली. एक लाख ऐंशी हजार रुपये, चेकने, थोरल्या भावाला दिले.