तानूबाईचा खांदा

पौडला आमच्या ह्यांचा दवाखाना घराच्या पडवीतच होता. मुळशीकडे धरणाचे काम चालले होते, त्या दिवसांतली गोष्ट. सकाळी मी ताक घुसळत होते, चुलीवरचे दूध वर यायला लागले होते, आणि दाराची कडी वाजली.

तानूबाई. माणच्या माळावर मेंढरांचा तळ होता, तिथली. लोकर विकायला यायची म्हणून ओळख. उजवा हात कामट्या लावून, लोकरीच्या दोरीने अंगाशी आवळलेला. केस मोकळे. उंबऱ्याशी बसली ती आता कधी उठायचेच नाही अशी.

"घोड्यावर बिऱ्हाड लादताना हिसका बसला," ती म्हणाली. "मेंढीचा पाय दुखावला का आमी असंच बांधतो. म्हैन्यात चालती. म्या दोन म्हैनं ठेवलं. ही मेंढी थोराड हाय न्हवं!"

ह्यांनी दोरी कापली. हात खांद्याइतकाही वर जाईना.

"हाड शाबूत आहे. बांधून ठेवल्यानं सांधा आखडलाय. रोज शेकायचं, मग भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. तीन-चार महिने तरी लागतील."

"आमाला भिंत कुटं, डागदर?"

"झाड चालेल."

"झाडं लई हायेत. दिस न्हाईत. उद्या आमचा तळ हालतोय, कोकणात."

ताक पिता पिता तिने सांगितले. मुलगा बिरू म्हणाला होता, स्वतःचा बुचडा स्वतः बांधशील तरच बरोबर ये, नाहीतर मामाकडे राहा. सून रोज बांधून द्यायची, रोज पुटपुटायची. आज तिने बांधलाच नाही.

"भावाच्या दारात बसून काय करू, बाई? भावजय भाकरी वाढत न्हाई, टाकती."

"पण तानूबाई, घोड्यावर ओझं कसं चढवणार?" मी विचारले.

"घोडं बांधाखाली उभं करीन, वरनं सरकवीन. एका हातानं हुतंय. केसांचंच हुईना."

तिने आमच्या भिंतीला बोटे लावली. वीतभर चढली, तोंडावर घाम आला, हात खाली पडला. मग डाव्या हाताने कनवटीची फणी काढून तिने माझ्यापुढे धरली.

"बाई, माझा बुचडा तेवढा बांधून द्या. उद्या तळ हालंपतुर सुटाया नको."