खिंडीतला देव आणि गोडाऊनचं फाटक

भिवंडीत राहून डोंगर चढायला जाते म्हटलं की लोक आधी हसतात. माझी पुण्याची नणंद फोनवर म्हणाली, "भिवंडीत कसले गं डोंगर? गोडाऊनच्या पत्र्यांवर चढतेस की काय?" ये एकदा, दाखवते, म्हटलं. आली नाही. दापोड्याच्या मागच्या आमच्या टेकड्या कुणाच्या फोटोत येत नाहीत, म्हणजे त्या नाहीतच का?

मी शाळेत शिकवते, निजामपुऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. डॉक्टरांनी शुगर वाढलीय, चाला म्हणून सांगितलं. चालू कुठे? आमच्या गल्लीत कापडाचे तागे घेऊन टेम्पो निघाला की माणसाने भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. शेवटी मी धाकट्या जावेला पकडलं आणि रविवारी सकाळी रिक्षाने दापोड्याच्या पुढे जायला लागलो. तिथे दोन गोडाऊनच्या मधून एक पायवाट निघते. नाला ओलांडायचा, करवंदीच्या जाळ्यांतून वर चढायचं, की खिंड. पलीकडच्या उतारावर गाव. त्या गावातल्या बायका याच वाटेने गोडाऊनमध्ये पॅकिंगच्या शिफ्टला यायच्या. नाहीतर त्यांना हायवेवरून भलामोठा वळसा, वर रिक्षाचं भाडं.

खिंडीत एक शेंदूर फासलेला देव होता आणि त्याच्यापुढे दगडांचा ढीग. पहिल्या रविवारी मी जास्वंदीचं फूल वाहिलं, तर मागून येणारी एक म्हातारी कपाळाला हात लावून म्हणाली, "याला फूल-नारल काय न्हाय लागत, बाय. दगुड ठेव नि चाल." समोरून जाणाऱ्या प्रत्येकाने एक दगड ठेवायचा, एवढीच त्याची पूजा. एकदा ठेवलेला दगड मात्र कुणी उचलायचा नाही. मला हा देव भलताच आवडला. ना दक्षिणा, ना रांग, ना व्हीआयपी दर्शन.

मग दिवाळीनंतरच्या एका रविवारी गेलो तर पायवाटेवर लोखंडी फाटक, त्याला कुलूप. वॉचमन म्हणाला, "ऑर्डर है." मी मॅनेजरला बोलवायला लावलं. कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस आला आणि गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, प्रायव्हेट प्रॉपर्टी आहे. साप-बिप चावला तर जबाबदारी कोणाची?"

"इतकी वर्षं साप काय सुट्टीवर होते?" मी म्हटलं.

"मॅडम, लोक देवासाठी वर जातात ना? त्यांची सोय केलीय आम्ही." त्याने रस्त्याकडे बोट केलं. ट्रक आत घेतात त्या मोठ्या गेटला चिकटून नवीन देऊळ उभं होतं. गुळगुळीत टाइल्स, स्टीलची ग्रील, घंटा. गावातल्या चार पुढाऱ्यांना हाताशी धरून, पूजाबिजा करून त्याने खिंडीतला देव खाली आणून बसवला होता. देवच खाली आला म्हटल्यावर वर कोण कशाला जाईल, असा हिशेब! माझं डोकं असं फिरलं की जावेने माझा हात घट्ट धरून ठेवला. त्या बायकांची कामावर यायची वाट बंद करायची आणि वर पुण्य पदरात पाडून घ्यायचं!

ती म्हातारी तिथेच ग्रीलपाशी उभी होती. तिची सून पॅकिंगला होती, आणि आता रोज वळशाने जाऊन पगारातलं उरणार काय, म्हणून ती सकाळपासून रडत होती. म्हातारी मात्र रडत नव्हती. तिने नाल्याकाठचा चांगला पाटीएवढा दगड उचलून आणला आणि देवळापुढे ठेवला. "देव हितं हाय, मंग दगुडबी हितंच," एवढंच बोलली.

मी आणि जावेने एकमेकींकडे पाहिलं. पुढच्या क्षणी आम्हीही दगड शोधायला लागलो.

बिचाऱ्या मॅनेजरने सगळं विचारलं होतं, मुहूर्त, पुजारी, टाइल्सचा रंग. या देवाला वाहतात काय, तेवढंच विचारायचं राहून गेलं. खिंडीतून दिवसाला कितीशी माणसं जायची! इथे तर हायवे. शिफ्ट सुटलेल्या बायका दगड ठेवायच्या, रिक्षावाले ठेवायचे, मी शाळेतल्या सहकाऱ्यांनाही आणलं. एक ट्रक ड्रायव्हर खाली उतरून विचारतो, "यहाँ पत्थर चढ़ता है क्या?" मी म्हटलं, "हाँ भैया, बड़ा वाला चढ़ाओ." त्याने चाकाखाली लावायचा धोंडाच वाहिला. ढीग ग्रीलच्या बाहेर आला, मग गेटच्या तोंडाशी. कंटेनर वळेना. मॅनेजरने वॉचमनला दगड हटवायला सांगितलं, तर तो दोन पावलं मागे सरकला. "साहब, भगवान का है. मैं हाथ नहीं लगाऊँगा." हमालांनीही नाही म्हटलं.

पुढच्या रविवारी गेलो तेव्हा मॅनेजर स्वतःच आमची वाट पाहत होता. शर्टाची इस्त्री मोडली होती आणि मागे ट्रकवाले हॉर्नवर हात ठेवून बसले होते.

"मॅडम, तुम्ही गावकऱ्यांना समजवा. देव परत वर नेऊ द्या. देव गेला की हे नुसते दगड, हमाल हटवतील. मी दर रविवारी फाटक उघडायची परवानगी देतो."

"परवानगी?" मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारी उभी असलेली म्हातारी हसायला लागली. "बायका कामाला काय फक्त रविवारी येतात? कुलूप नको, वेळ नको, परवानगी तर मुळीच नको. फाटक उपटून काढा. देव मग गाव नेईल."

त्याने दगडांकडे पाहिलं, मागच्या ट्रकांच्या रांगेकडे पाहिलं आणि वेल्डरला फोन लावला.

दुपारपर्यंत फाटक कापून आडवं पडलं होतं. गावकऱ्यांनी देव खांद्यावर घेतला, म्हातारीची सून सगळ्यांच्या पुढे चालत होती. आम्ही मागून निघालो, तेवढ्यात जाऊ हळूच म्हणाली, "ताई, थांबा ना. थँक्यू म्हणायचं का त्या मॅनेजरला?"

"कशाबद्दल?" मी म्हटलं, आणि नाला ओलांडला.