गाडी भाड्याची की घरची

सोफेवाल्या मामांना नीट बोलता येत नाही, असं नव्या गिऱ्हाइकाला हमखास वाटायचं. तसं काही नव्हतं. त्यांच्या तोंडात चुका असायच्या. ताणलेलं कापड लाकडी चौकटीवर ठोकायचे ते बारीक खिळे मामा मूठभर तोंडात धरत आणि जिभेनं एकेक पुढे सारून हातोडीखाली देत. "आमच्या यांच्या कामात चुका नसतात, सगळ्या तोंडात असतात," असं मामी कौतुकानं सांगायच्या. अडचणीचा प्रश्न आला की मामा घाईघाईनं तोंड भरून घेतात, हेही त्यांनाच ठाऊक होतं.

माणूस देवभोळा नसेल, पण वस्तुभोळा होता. दुसऱ्याची वस्तू हातात आली की मामांच्या जिवाला घोर लागायचा. शेजाऱ्याची शिडी आणली, तर परत करताना तिला रंग लावून द्यायचे. जावयाची छत्री घेऊन निघाले आणि पाऊस लागला, तर ती खराब होईल म्हणून काखेत धरून भिजत घरी यायचे. राहतं घर भाड्याचं. दिवसभर ठोकाठोक करणाऱ्या या माणसानं त्या घराच्या भिंतीत कधी एक खिळा मारला नाही. कॅलेंडरसुद्धा कपाटावर टेकवून उभं असे.

सोफे ने-आण करायला इतकी वर्षं एक ठरलेला टेम्पोवाला होता. त्याच्या गुडघ्यांनी संप पुकारला, तेव्हा त्यानं टेम्पो विकला आणि तो मुलीकडे राहायला गेला. नवे टेम्पोवाले सकाळी या म्हटलं की संध्याकाळी यायचे आणि सोफ्यावर पाय देऊन चढायचे. मामांच्या काळजात चर्र व्हायचं. शेवटी ठरलं, की आपलीच एक लहान पिकअप गाडी हवी. पण घोडं पुढेच अडलं. ती विकत घ्यायची की कंपनीकडून लीजवर?

जावई अशा बाबतीत हुशार आणि मायाळूही. त्यानं रविवारी बसून सगळं समजावलं. लीजवर घेतली तर सुरुवातीला मोठी रक्कम लागत नाही, दुरुस्ती कंपनीची, आणि मुदत संपली की गाडी परत देऊन मोकळं व्हायचं. या वयात कर्ज कशाला डोक्यावर घ्यायचं, हेही त्याचं खरंच होतं. अट एकच, की परत देताना गाडी धडधाकट हवी. ठोकर, ओरखडे यांचे पैसे वेगळे.

ही अट ऐकताच मामींनी नवऱ्याकडे पाहिलं. मामा मात्र खुश होते. "आपण वस्तू जपतोच की," ते म्हणाले. चार दिवस चालवून बघा म्हणून कंपनीनं एक पांढरी पिकअप दिली.

मामांनी पहिला दिवस गाडीला कपडे घालण्यात घालवला. मागच्या हौद्यात तळाला जुना गालिचा, चारी बाजूंना फोम आणि त्यावर रेक्झिनचं अस्तर, तेही दोरीनं बांधून, कारण दुसऱ्याच्या गाडीला खिळा कसा मारणार? शोरूममधल्या सोफ्यालाही हेवा वाटावा अशी ती गाडी झाली. मग तिच्यातून गेल्या फक्त उशा. सोफे गेले हातगाडीवरून, आणि पुढे मामा रिकामी पिकअप हळूहळू चालवत वाट दाखवत होते. बाजारात हसून हसून लोकांची पुरेवाट झाली.

तिसऱ्या दिवशी दुकानाशेजारची शिवणवाली ताई आली. तिला गाळा सोडून रस्त्यापलीकडे वरच्या अंगाला जायचं होतं. बाकीचं सामान हातानं जाईल, पण चामडं शिवायचं ते बिडाचं जड मशीन गाडीतून न्याल का, एवढंच तिनं विचारलं. मामांनी मशीनच्या अणकुचीदार पायांकडे पाहिलं, मग पांढऱ्याशुभ्र गाडीकडे. आणि तोंडात चुका भरल्या.

"बगू," एवढंच काहीतरी ऐकू आलं. ताई समजायचं ते समजली. "राहू दे मामा," म्हणून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामांना दुकानातून दिसलं, की ताई आणि तिचा म्हातारा बाप ते मशीन फळीवर बांधून चढावरून ओढताहेत. चार पावलं वर, दोन पावलं खाली. मामांनी हातोडी ठेवली, तोंडातल्या चुका हातावर काढल्या आणि किल्ली घेतली. पलीकडचे दोघे हमाल हाकेला आले. मशीन चढवताना फळी सरकली आणि मशीनचा एक पाय हौद्याच्या बाहेरून, दारापर्यंत, लांबलचक ओरखडा काढत गेला.

सगळे जागच्या जागी थांबले. ताई पुढे आली. "मामा, मी भरून देते," ती म्हणाली.

मामांनी त्या ओरखड्यावरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, "आधी मशीन उचला. ते पडलं तर शिवायचं कशावर?"

घरी आल्यावर जेवण गेलं नाही. काल ताईला नाही म्हटलं त्याचं वाईट वाटत होतं आणि आज हो म्हटलं त्याचंही. मामींनी ताटावरून उठू दिलं नाही.

"एक विचारू?" मामी म्हणाल्या. "ही गाडी आपली असती, तर ताईला काल काय सांगितलं असतं?"

"चल म्हटलं असतं. त्यात काय विचारायचं?"

"मग झालं तर. दुसऱ्याची गाडी दारात आली की तुमच्यातला निम्मा माणूस तिची राखण करत बसतो. मला तो सबंध हवाय. हप्ते मीही शिकवणीतून भरीन."

मामी मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घ्यायच्या. त्यांचा हिशोब आधीच झालेला असणार.

सकाळी मामा स्वतःच शोरूममध्ये गेले आणि कुणी काही बघायच्या आत ओरखडा दाखवून उभे राहिले. काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं, की दुसरी, कोरी गाडी लीजवर मिळेल, ही रंगायला जाईल. मामांनी मान हलवली. "रंगवू नका. आम्हाला हीच विकत द्या."

जावयानं डोक्याला हात लावला, पण कर्जाच्या कागदांची धावपळ त्यानंच केली आणि ओरखड्यापायी किंमतही घासाघीस करून उतरवली. गाडी घरची झाल्यावर मामांनी पहिल्यांदा दोऱ्या सोडून अस्तर खिळ्यांनी पक्कं ठोकलं. मग त्या गाडीनं बाजारात कुणाकुणाचं काय काय वाहिलं, याला गणती नाही. मामींनी ती चालवायला शिकून घेतलं आणि घरमालकाच्या फाटकाच्या खांबाला दोनदा खेटवली. मामा फक्त म्हणाले, "खांबाला लागलं नाही ना?"

हल्ली सोफा पोचवायचा असला, की स्टिअरिंगवर मामी असतात. मामा मागे हौद्यात, सोफा हलू नये म्हणून त्याच्यावरच पाय पसरून बसलेले. वळणावर मामी गाडी जरा जोरात घेतात, आणि वाऱ्यानं विस्कटलेल्या केसांनी मामा रस्त्यावरच्या ओळखीच्या माणसांना हात करत पुढे निघून जातात.