मी न दिलेली जंप सीट

आधीच सांगून टाकतो, असले अनुभव सांगणाऱ्यांना मी आयुष्यभर तोंडावर हसलो आहे. इथल्याच दोन-तीन धाग्यांवर मी "डॉक्टरला दाखवा" असं लिहिलेलं सापडेल. वीस वर्षं विमान चालवलं. आमच्या धंद्यात काटा दाखवतो ते खरं, पोटात वाटतं ते खोटं – हे सुरुवातीलाच डोक्यात भरवतात. त्यामुळे खालचं वाचून कोणी मलाही डॉक्टरकडे पाठवलं तर तक्रार नाही. फक्त उपदेश नको, तो मी भरपूर ऐकला आहे.

मी अंकुशनगरचा. वडील साखर कारखान्यात फिटर होते. कैलास हसनाबादचा, भोकरदन तालुक्यातला, शेतकऱ्याच्या घरातला. आमच्या कंपनीत जालना जिल्ह्यातले आम्ही दोघेच पायलट, मी कॅप्टन आणि तो को-पायलट. मुंबईत त्याला पहिली खोली मी बघून दिली. मुलाखतीला तो माझा टाय घालून गेला होता. युनिफॉर्ममध्ये असला की मला 'सर' म्हणायचा, एरवी 'भाऊ'.

नव्वदीच्या दशकाच्या शेवटाची ही गोष्ट. आमचा जुना करार संपला होता आणि नव्यावर बोलणी चालली होती. मॅनेजमेंटला महिन्याचे उड्डाणाचे तास वाढवून हवे होते, दोन ड्युट्यांमधली विश्रांती कमी करून हवी होती, आणि वर प्रत्येकाने वेगवेगळी सही करायची. म्हणजे एकेकाला गाठून कापायचं. आम्ही ठरवलं, एकट्याने कोणी सही करायची नाही. मी वाटाघाटीच्या समितीत होतो. दर मंगळवारी ती गुळगुळीत टेबलं, ती काजूची वाटी, आणि "आपण एक कुटुंब आहोत" म्हणणारे ते चेहरे... आजही आठवलं की डोकं तापतं.

मग त्यांनी डाव टाकला. सही न करणाऱ्यांची स्टाफ तिकिटं बंद.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्टाफ तिकीट म्हणजे आम्हाला आणि आमच्या आई-वडिलांना, बायको-पोरांना जवळपास फुकटात प्रवास, पण जागा उरली तरच. शेवटच्या मिनिटाला पैसे भरलेला माणूस आला की तुम्ही उठायचं. माझ्या आईला दोनदा बसलेल्या जागेवरून उतरवलं होतं. ती म्हणायची, यापरीस एसटी बरी, एकदा बसलं की बसलं. पण ज्यांचं घर लांब, त्यांना ही तिकिटं म्हणजे मोठा आधार होता. तोच त्यांनी काढून घेतला.

आणि आठवड्याभरात कैलासने सही केली.

मला राग आला, हे म्हणणं कमी पडेल. माझ्याच जिल्ह्याचा, मी हाताला धरून आणलेला पोरगा... समितीतले बाकीचे माझ्याकडे बघून हसायचे. मी त्याच्याशी बोलणं तोडलं. आणि एका बैठकीत मीच पहिल्यांदा म्हणालो की सही करणाऱ्यांना आपण जंप सीट द्यायची नाही.

जंप सीट म्हणजे कॉकपिटमध्ये आमच्या दोघांच्या मागे असते ती घडीची खुर्ची. विमान भरलेलं असलं आणि एखाद्या पायलटला घरी जायचं असलं, तर तो कॉकपिटमध्ये येऊन कॅप्टनला विचारतो, बसू का? कॅप्टन हो म्हणतो. नाही म्हणायची पद्धतच नाही. ही जागा कंपनीच्या तिकिटावर मिळत नाही, ती कॅप्टनने द्यायची असते. एकमेकांशी भांडण असलेले लोकही ती देतात. ती आम्ही बंद केली. कुठे लिहिलं नाही, पण सगळ्यांना कळलं.

त्या दिवशी सकाळची मुंबई–औरंगाबाद फ्लाइट माझ्याकडे होती. विमान गच्च भरलेलं. दारं बंद व्हायला पाच-सात मिनिटं होती तेवढ्यात कैलास कॉकपिटच्या दारात आला. युनिफॉर्ममध्ये होता, हातात एक छोटी बॅग.

"भाऊ," तो म्हणाला. युनिफॉर्ममध्ये असून 'भाऊ' म्हणाला. "अण्णाला जालन्याला दवाखान्यात ठिवलंय. डॉक्टर म्हणले आजचा दिवस बी निघल का न्हाई सांगता येत न्हाई."

अण्णा म्हणजे त्याचे वडील. मी मागे न बघता म्हणालो, "तुम्हाला स्टाफ तिकीट चालू आहे ना? मग बाहेर जागा मागा." त्याला मी आयुष्यात कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

"फुल हाय भाऊ. ईचारून आलो."

"मग सही केलेल्या कागदावर बसून जा."

माझा को-पायलट डिसोझा खाली मान घालून कागद चाळत राहिला. कैलास हळू म्हणाला, "शिव्या द्या भाऊ, पोचल्यावर कानफटात मारा. पण बसू द्या."

मी डिसोझाला म्हणालो, दार बंद करायला सांग. कैलास वळला. खिडकीतून मला तो शिडीवरून उतरताना दिसला. पाठ दिसली, पांढरा शर्ट आणि ती बॅग. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

विमान धावपट्टीकडे निघालं आणि माझ्या पाठीमागे पट्टा लावल्याचा आवाज झाला. खट्... जंप सीटच्या पट्ट्याचा तो आवाज कुठलाही पायलट झोपेत ओळखेल. डिसोझाने माझ्याकडे पाहिलं. मी समोर बघत राहिलो. मला वाटलं, हा लबाड मागच्या शिडीने परत चढला आणि एअर होस्टेसला गोड बोलून आत घुसला. उड्डाणाची वेळ होती, भांडत बसता येत नव्हतं. ठरवलं, औरंगाबादला उतरल्यावर बघतो याच्याकडे. तोवर तोंडही दाखवायचं नाही. मी मुद्दाम मागे वळलो नाही.

वर गेलो. सकाळचं ऊन थेट डोळ्यांत येत होतं. माझ्या खुर्चीच्या पाठीला मधूनमधून गुडघा टेकत होता, जंप सीटवर बसलेल्या माणसाचा टेकतो तसा. मागे कोणीतरी श्वास घेत होतं. एअर होस्टेस अल्पना चहा घेऊन आली. त्या विमानात जंप सीट उघडी असली की दाराची वाट अडते, म्हणून तिने हात लांब करून त्याच्या खांद्यावरून कप पुढे दिले. म्हणाली, "हा तुमचा, हा डिसोझा सरांचा, आणि मागच्या सरांना दिलाय." मी हूं म्हणालो.

औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावर उतरलो, विमान थांबवलं, चेकलिस्ट संपवली. दोन खास ठेवणीतल्या शिव्या तयार ठेवल्या होत्या. वळलो.

खुर्ची उघडी होती. पट्टा सुटलेला. कप रिकामा. माणूस नाही.

डिसोझा म्हणाला, "मला वाटलं तुम्ही बसू दिलं, म्हणून मी बोललो नाही. मला फक्त पांढरी बाही दिसत होती." अल्पना बाहेर, दाराशीच होती. म्हणाली, कॉकपिटमधून कोणी बाहेर आलं नाही. तिलाही मान आणि खांदाच दिसला होता, चेहरा नाही. कागदावर माणसांची संख्या बरोबर होती, तिसरं नाव कुठेच नव्हतं.

मी स्वतःच्या हाताने खुर्ची दुमडून ठेवली. डिसोझाला आणि अल्पनाला सांगितलं, तुम्ही काही पाहिलं नाही. कारण स्वच्छ होतं. समितीतल्या माणसाच्या कॉकपिटमध्ये अनोळखी इसम – मॅनेजमेंटला असं काहीतरी हवंच होतं. लायसन गेलं असतं. आणि खरं सांगितलं असतं तर डोक्याची तपासणी.

कैलासचे वडील त्याच दिवशी दुपारी गेले. मी मयताला गेलो नाही. आईने मला फैलावर घेतलं. म्हणाली, "तुमचं भांडण मुंबईत ठिव. आपल्या जिल्ह्याचं लेकरू हाय, दहाव्याला तरी जाय." गेलो.

हसनाबादला त्याच्या घरापुढे माणसं बसली होती. कैलासचं डोकं भादरलेलं. मला बघून तो उठला, बाजूला गोठ्याकडे घेऊन गेला. त्याची थोरली बहीण सुमनताई तिथे गुरांना पाणी दाखवत होती.

"सही का केली, ते तुम्ही कधी ईचारलं का भाऊ?" तो म्हणाला. "अण्णाला कॅन्सर निघाल्ता. दर हप्त्याला यावं लागत होतं. तिकीट बंद झालं असतं तर काय करत होतो मी?"

मला माहीत नव्हतं. तरी मी म्हणालो, समितीला सांगायचं होतंस. आजही मला ते बरोबर वाटतं. आणि आजही ते म्हटल्याची लाज वाटते.

"जाऊ द्या," तो म्हणाला. "त्या दिवशी मी टॅक्सी करून निघालो. सहाला पोचलो. अण्णा तीनला गेल्ते. अन् ही ताई मला सगळ्यांदेखत म्हणती, सकाळी आल्तास, मंग मधीच कुठं गेल्तास?"

सुमनताई बादली ठेवून पुढे आली. "आल्ता हा. दहाच्या सुमाराला. असाच पांढऱ्या शर्टात. मी ईचारलं कसा आलास, तर म्हणला, भाऊच्या विमानात. तवा अण्णापाशी मी एकलीच होते. अण्णानं मला बाहीर काढलं अन् याच्याशी अर्धा घंटा बोलले. मी दाराशीच होते. मंग हा गोळ्या आणतो म्हणून खाली गेला, तो आलाच न्हाई."

"झूट बोलून राह्यली," कैलास म्हणाला. "दहाला मी इगतपुरीच्या घाटात होतो. अण्णा एकले गेले असन, ही झोपली असन कुठं, म्हणून गोष्ट बनवली. भाऊ, तुमीच सांगा. तुमच्या विमानात होतं का कुणी?"

दोघं माझ्याकडे बघत होती. सुमनताईच्या डोळ्यांत असं होतं की आता हा माणूस सांगेल.

मी म्हणालो, "कोणी नव्हतं. सीट दुमडलेली होती."

सुमनताई बादली उचलून आत गेली.

करार पुढे झाला, कोणालाच न आवडलेला. मी दुसऱ्या कंपनीत गेलो. कैलास आणि सुमनताईचं येणं-जाणं तुटलं. राखी नाही, भाऊबीज नाही. गावात ती खोटारडी ठरली. बापाला एकटं मरू दिलं आणि वर भावाचं नाव घेतलं, असं लोक म्हणत. आईकडून मला हे सगळं कळायचं. मी ऐकून घ्यायचो आणि विषय बदलायचो.

सात वर्षांनी आई गेली. कैलास अंकुशनगरला भेटायला आला. माझ्याआधी तोच रडला. ते बघून मला राहवलं नाही. पट्ट्याचा आवाज, गुडघा, चहाचा कप, उघडी खुर्ची... सगळं सांगितलं. त्याने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. पण तिथेच मोबाइल काढून त्याने बहिणीला फोन लावला. तिचा आवाज मला शेजारी बसून ऐकू येत होता.

"ताई, तू खरं बोलत होतीस," तो म्हणाला.

"मला ठाव हाय मी खरं बोलत होते. तुला आज कुणी सांगितलं?"

"भाऊनं."

"सात वर्सं बहीण झूटी. अन् पायलट म्हणला की खरी."

"चुकलो ताई. तू दाराशी होतीस. अण्णा काय बोलले, तेवढं सांग."

ती शांतपणे म्हणाली, "ऐकलं मी समदं. ज्याला सांगितलं, त्याला ईचार." आणि फोन ठेवला.

त्या खुर्चीत कोण होतं, जालन्याच्या दवाखान्यात कोण गेलं? डिसोझाला परवा विचारलं, तोही तेच सांगतो जे तेव्हा सांगत होता. कोणाला काही पटण्यासारखं सुचलं तर जरूर लिहा, मी भांडणार नाही.

कैलास आता दर भाऊबीजेला बहिणीकडे जातो. ती त्याला ओवाळते, पोटभर जेवायला वाढते. अण्णांचा विषय निघाला की उठून आत जाते.