आपांच्या भट्टीची वीट

माझं अक्षर वेडंवाकडं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ तर चौथीच्या वर्गातच मागे राहिलं. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. शमीमआपा गेल्या त्या दुपारी मी त्यांच्या बेकरीत नानकटाईचे ट्रे पुसत होते. नगरच्या दवाखान्यातून त्यांच्या मुलाचा, अल्ताफचा फोन आला, "मावशी, अम्मी गेली." रडू नंतर आलं... आधी आठवले ते बचत गटाचे पैसे.

नेवाशातली ही बेकरी आपांनी नवऱ्यामागे वाढवली. हॉटेलं, दुकानं, आठवडी बाजार, पाव पुरेना. बाभळीचं लाकूड महागलं, गल्लीत धूर. तेवढ्यात सरकारची योजना कळली. लाकडाची भट्टी बंद करून विजेची घेतली तर निम्मा खर्च सरकार देणार, पण मागाहून. आधी सगळे पैसे आपणच भरायचे. आपांकडे आपला निम्मा हिस्सा होता. सरकारचा येईपर्यंत बाकीचे आमच्या गटाने द्यावेत, असं त्या म्हणाल्या. मी सभेत कधी तोंड उघडत नाही. त्या दिवशी मात्र "आपा बुडवणार न्हाईत" एवढं बोलले, आणि बायांनी माझ्याकडे बघून पैसे दिले.

नवी भट्टी बसली. तपासणीचे साहेब आले नि जुनीकडे बोट करून म्हणाले, ही उभी असेपर्यंत पैसे निघणार नाहीत, फोडा आणि फोटो पाठवा. ईदच्या ऑर्डरी तोंडावर, विजेचा भरवसा नाही, आणि नव्या भट्टीतले पहिले पाव वरून करपलेले, आत कच्चे निघालेले. गटाची अध्यक्ष यमुनाबाई दारातूनच म्हणाली, "जुनी फोडली अन् नवी बी बंद पडली, तर आमी काय राख घिऊन जायची?"

आपांनी घण स्वतः उचलला. सासऱ्यांनी बांधलेली भट्टी... पहिला घाव घालताना त्यांनी डोळे मिटले. ढीग झाल्यावर गटातल्या प्रत्येकीच्या हातात एकेक काळी वीट दिली. "पैसं फिटंस्तवर ही तारण. राख न्हाई यमुनाबाई, वीट हाय." यमुनाबाई हसली, पण वीट घेऊन गेली.

हळूहळू पाव जमू लागले. साहेब पुन्हा येऊन बघून गेले. पण सरकारचा हिस्सा यायच्या आधीच आपा गेल्या, आणि त्यांच्या नावावरची फाईल अडली. यमुनाबाई माझ्या दारात. "सुमन, आता कुनाला धरायचं?" तिकडे अल्ताफ म्हणत होता, भट्टीचं मशीन विकतो नि पुण्याला जातो. मला त्याच्याशी वाद घालता येईना. माझी वीट पदराखाली घेऊन गेले आणि त्याच्यासमोर ठेवली. ती कशाची, हे त्याला माहीत होतं. तो कितीतरी वेळ ती हातात फिरवत राहिला, बोटं काळी झाली. मग म्हणाला, "वारसाचे कागद कुठं करायचे, मावशी?"

हेलपाटे झाले. आपांचा चाळिसावा दिवस झाला, त्यानंतरही वाट बघितली... शेवटी सरकारचा हिस्सा आला. मशीन त्याने विकलं नाही.

परवाच्या सभेला बायांनी विटा परत आणल्या. यमुनाबाईने तर धुऊन आणली होती. माझी मी आणली नाही. ती चुलीशेजारी आहे, उतरवलेलं दुधाचं पातेलं मी तिच्यावर ठेवते. कुणी मागितलीही नाही. अल्ताफने आपांच्या नावाने गटाचे सगळे पैसे पुरते फेडले.