खिशातला फ्यूज

येडगावच्या पाणी शुद्धीकरण केंद्रावर मी मशिनं सांभाळायचो. पाण्यातले जंतू मारणाऱ्या यूव्ही दिव्याची सर्व्हिसिंग करायला पिंपळवंडीकडचा एक मेकॅनिक यायचा. नाव मी कधी विचारलं नाही. भर उन्हाळ्यातही त्याच्या बाह्या मनगटापर्यंत असायच्या.

एकदा भारनियमनात तो आला. मी म्हणालो, "पावणं, लाईटच न्हाई. उघडा बिनधास्त."

त्यानं तरीही दिव्याचा फ्यूज काढला, खिशात टाकला आणि वरून चाचपला.

"गेलेली लाईट म्हंजी बंद केलेली न्हाई, भाऊ. ती कवाबी येती. ह्यो उजेड डोळ्यात गेला तर लगेच कळत बी न्हाई. सांजच्याला डोळ्यात वाळू भरल्यागत व्हतं."

लई भित्रा गडी, मी मनात म्हणालो.

त्यानं दिव्याची नळी अर्धी बाहेर ओढली. मीही तोंड खुपसून बघत होतो. तेवढ्यात डोक्यावरचा पंखा फिरला. शेजारच्या मळ्यातली ऑटोवर टाकलेली पाण्याची मोटर आपोआप घोंगावली. मी डोळे झाकून मागं कोसळलो.

नळी पेटली नव्हती. तो खिसा घट्ट धरून बसला होता.

अजूनही घरातली लाईट गेली की बायको ती येण्याची वाट बघते. मी मात्र ती येईल म्हणूनच घरातली सगळी बटणं बंद करत फिरतो.