पिवळ्या दोऱ्याचं रफू

रफू करण्यात ताईंचा हात धरणारं त्या बाजारात कोणी नव्हतं. उंदरानं कुरतडलेला कोट त्यांच्याकडे टाकावा आणि नेताना भिंग लावून शोधावं, भोक सापडायचं नाही. याचा त्यांना भारी तोरा. घरातलंही त्यांनी असंच बुजवलं होतं. धाकटा भाऊ दारू पिऊन पिऊन गेला, तर गिऱ्हाइकांना सांगितलं, हार्ट. शेजारणीला सांगितलं, हार्ट. पुढेपुढे तर 'नाजूकच होतं हो त्याचं हार्ट' म्हणून स्वतःच डोळे पुसायच्या.

व्यसनमुक्ती केंद्रातल्या नर्सबाईंनी वाचनालयाच्या मागच्या खोलीत एक बैठक सुरू केली होती. नशेपायी ज्यांचं माणूस गेलं, त्यांनी त्याचा एक कपडा आणायचा, त्याची गोष्ट सांगायची, आणि सगळे कपडे जोडून दर्शनी खिडकीसाठी मोठा पडदा करायचा. जोडायला ताईंना बोलावलं. त्यांनी दारातच सांगून टाकलं, आपण शिवायला आलोय, बोलायला नाही. धाकट्याचा स्वेटर मात्र पिशवीच्या तळाशी होता. पिशवी दर वेळी यायची, स्वेटर काही बाहेर यायचा नाही.

जोडण्याआधी ताईंनी सगळे कपडे घरी नेले आणि रफूवालीच करील असा घोटाळा केला. एकेक भोक असं बुजवलं, की कपडे नुकते दुकानातून आणल्यासारखे दिसू लागले. शाबासकी घ्यायला त्या ऐटीत आल्या.

पोस्टातून निवृत्त झालेल्या काकूंनी आपल्या लेकाचा शर्ट उलटा केला, सुलटा केला, खिडकीशी नेला.

"ताई, याचं भोक कुठे गेलं?"

"बुजवलं की."

काकूंनी शर्ट मांडीवर पसरला. नशेच्या गुंगीत लेकाची जळती सिगारेट छातीवर पडली होती, ती त्यांनी तळहाताने विझवली होती. "त्या रात्री मी त्याला वाचवला होता," त्या म्हणाल्या. "तेवढा एकदाच. ते भोक माझं होतं."

ताईंनी चष्मा लावला, पण त्यांचं रफू त्यांनाच सापडेना. जन्मभराचा तोरा असा अंगाशी आला. शेवटी काकूंनीच डोळे मिटून बोट फिरवलं आणि दुसऱ्या बटणाखाली थांबवलं. ताईंनी धागा न् धागा उसवला. भोक पसरू नये म्हणून कडेने दोरा घातला, आणि लपवायचंच नाही तर चांगलं दिसू दे म्हणून तो झगझगीत पिवळा घेतला. काकूंनी भोकात बोट घातलं आणि कितीतरी दिवसांनी हसल्या.

मग काय, ज्याला त्याला आपापलं भोक परत हवं झालं. उसवता उसवता गोष्टी निघत गेल्या, आणि ऐकता ऐकता ताईंचा हात पिशवीत गेला.

"हार्ट नव्हतं," स्वेटर टेबलावर ठेवत त्या म्हणाल्या. "दारू होती. पण हा कोपर दारूनं नाही फाटला. मला सायकल शिकवताना मागून धरून पळत होता, तेव्हा आपटला. मी चाळिशीची घोडी."

खोली हसली. ताईही हसल्या आणि मग पोटभर रडल्या. इतके दिवस त्या भावासाठी खऱ्या रडल्याच नव्हत्या.

पडदा लागला त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. एक जुनं गिऱ्हाईक म्हणालं, "ताई, तुमचं रफू कधी दिसत नाही. यातलं तुमचं कुठलं?"

"पिवळं दिसतंय ते सगळं," ताई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "आणि मधला स्वेटर माझ्या भावाचा. दारूनं गेला. मला सायकल त्यानं शिकवली."

मग त्यांनी पायरीशी लावलेली सायकल काढली आणि घंटी वाजवत भर बाजारातून घरी गेल्या.